थेंबांचं गणित

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओसरीवर दुपारच्या वेळी आया आणि मुली येऊन बसू लागतात. 'काकू, हिला नर्सिंगला घालावं म्हणतोय.' मग फी, हॉस्टेल, गावापासूनचं अंतर, सगळं बोलून होतं. निघताना चपला पायात सरकवता सरकवता मुलगी हळूच विचारते, 'तिथं गणित पण असतं म्हणे?'

म्हणे काय, असतंच! आणि ते असलंच पाहिजे, या मताची मी आहे.

बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा लागते, पण तीन वर्षांच्या जीएनएमचं आणि दोन वर्षांच्या एएनएमचं दार कला शाखेच्या मुलींनाही उघडं आहे. आपल्याकडच्या कितीतरी मुली याच दारानं जातात. दहावीला गणिताला रामराम ठोकलेली मुलगी अठराव्या वर्षी पुन्हा त्याच्यापुढे उभी राहते. घरच्यांनी तर आधीच तिच्या कपाळावर लिहून ठेवलेलं असतं, 'आमच्या पोरीला गणित झेपत नाही.' गंमत म्हणजे हे सांगणारी आई स्वतः भिशीचा हिशेब तोंडी करते आणि बचत गटाचं शेकडा दोन रुपयांचं व्याज वहीत बरोबर मांडते.

नर्सिंगचं गणित म्हणजे बहुतेक वेळा आपलं जुनं त्रैराशिकच. समजा, बाळाला तापाचं औषध पॅरासिटामॉल 150 मिलीग्रॅम द्यायचं आहे. बाटलीवर लिहिलंय, 5 मिलीमध्ये 125 मिलीग्रॅम. 125 ला 5, तर 150 ला किती? 6 मिली. झालं! पण त्याच औषधाची दुसरी बाटली मिळते, 5 मिलीत 250 मिलीग्रॅमची. तिच्यातून 3 मिलीच द्यायचं. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलीतच 100 मिलीग्रॅम असतात, म्हणजे दीड मिली पुरे. त्या थेंबांच्या बाटलीतून कुणी सवयीनं 6 मिली पाजलं, तर त्या बाळाच्या पोटात चौपट औषध गेलं. नाव तेच, औषध तेच. फरक फक्त लेबलवरच्या बारीक आकड्यांचा.

सलाईनचंही तसंच. 500 मिलीची बाटली चार तासांत संपवायची आहे. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, एका मिलीचे 20 थेंब. म्हणजे एकूण 10,000 थेंब आणि मिनिटं 240. भागाकार केला की मिनिटाला साधारण 42 थेंब येतात. लहान मुलांच्या बारीक सेटमध्ये मात्र एका मिलीचे 60 थेंब पडतात. सेट बदलला की गणित बदललं.

इन्सुलिन तर आता घरोघरी आलंय, म्हणून हे सगळ्याच जणींनी वाचा. आपल्याकडे 40 युनिटची बाटली मिळते, तशी 100 युनिटचीही मिळते. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची. 100 च्या बाटलीतलं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आजोबांना 20 नाही, 50 युनिट जातात. साखर धाडकन उतरून माणूस बेशुद्ध होतो.

म्हणून या परीक्षेकडे मी इतर पेपरांसारखं बघत नाही. इतिहासात 50 पैकी 40 मिळाले की आपण पेढे वाटतो. इथे चुकलेली दहा गणितं उद्या कुणाच्या तरी शिरेत जायची असतात.

तयारी काही फार अवघड नाही, पण ती कॉलेज सुरू होण्याआधी व्हायला हवी. हाताशी दोन महिने असतातच. वीसपर्यंतचे पाढे पुन्हा पक्के करा. एका ग्रॅमचे हजार मिलीग्रॅम, एका मिलीग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मराठी शाळेतून आलेल्या मुलींनी इंग्रजी आकडे आणि दशांश चिन्ह यांची सवय करून घ्यावी. त्या टिंबावर तर माझा फार राग आहे. अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, 0.5 असं. नुसतं .5 लिहिलं आणि टिंब पुसट झालं की वाचणारी 5 वाचते, दहापट. तसंच पाच लिहिताना 5.0 लिहू नये, त्याचे 50 होतात. आणि गणित मांडायच्या आधी मनाशी अंदाज करावा. एका इंजेक्शनसाठी चार-चार ॲम्प्यूल फोडायची वेळ आली, तर हात थांबला पाहिजे.

नर्सिंग म्हटलं की आपल्याला आठवते ती दिवा घेतलेली फ्लोरेन्स नाइटिंगेल. पण तिच बाई आकडेवारीत इतकी हुशार होती, की 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद. तिच्या दिव्याचं कौतुक आपण खूप केलं, आकड्यांचं केलं नाही.

आता जरा अडचणीचं बोलते. आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो, मोठ्यांना उलटं बोलायचं नाही, सांगितलं तेवढं करायचं. तीच मुलगी रात्रपाळीला वॉर्डात एकटी असते आणि कागदावरचा डोस तिला जास्त वाटतो. तेव्हा तिनं 'सर, हा आकडा एकदा बघता का?' असं विचारायला हवं. शेजारच्या सिस्टरला 'ताई, माझं गणित तपासून द्या' म्हणायला हवं. इन्सुलिनसारखी औषधं दोघींनी वेगवेगळी मोजून मगच द्यावीत, अशी चांगल्या दवाखान्यांत पद्धतच असते. पण विचारायचं धाडस येणार कुठून? आकडा आपल्याला खात्रीनं येत असेल, तरच जीभ उचलते. आणि घरात प्रश्न विचारल्यावर जिला गप्प बसवलंय, तिची तेव्हाही उचलत नाही.

यंदा माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी पुस्तक आणायला सांगत नाही. घरातल्या औषधांचे रिकामे खोके आणि बाटल्या आणायला सांगते. लेबल मोठ्यानं वाचायचं आणि गणित आईला समजावून सांगायचं. परवा एक आई मध्येच उठून घरी गेली. फ्रिजमधलं सासऱ्यांचं इन्सुलिन 40 चं की 100 चं, ते तिला बघायचं होतं.