विश्रांतीचे अंदाजपत्रक

‘आराम हराम है’ ही घोषणा ऐकत वाढलेल्या समाजात विश्रांतीकडे काहीशा संशयानेच पाहिले जाते. एखादा शिक्षक मधल्या सुटीत डोळे मिटून आडवा झाला, की तो आळशी तरी ठरतो किंवा ढोंगी तरी. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच दीर्घकालीन थकव्याचा विकार, जडलेल्या माणसाला हा संशय फार महाग पडतो.

हा थकवा श्रमाने येणारा व झोपेने जाणारा नव्हे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये सुचविलेल्या निकषांनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ कार्यशक्ती लक्षणीय घटणे, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. यांतील शेवटचे लक्षण सर्वांत फसवे. प्रकृती पुष्कळदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी ढासळते. सोमवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातावेगळा करणारा मनुष्य बुधवारी अंथरुणाला खिळतो आणि दोहोंतील संबंध त्याच्याही ध्यानात येत नाही.

म्हणूनच येथे विश्रांती घ्यावी लागते ती घड्याळ पाहून. शरीराच्या तक्रारीची वाट पाहून नव्हे. दिवसातून दोन-तीनदा, ठरल्या वेळी, शांत जागी पडून राहावे. त्या वेळी वर्तमानपत्र नको, मोबाइल नको, गप्पाही नकोत. कारण बौद्धिक श्रमांनीही शक्ती खर्च होते. बरे वाटणाऱ्या दिवशीही हा नेम मोडता कामा नये. विश्रांतीने थकवा जातच नसेल तर ती घ्यायची कशाला, असे कोणी विचारील. उत्तर हिशेबाचे आहे. ही विश्रांती जुने कर्ज फेडण्यासाठी नसून नवे कर्ज टाळण्यासाठी आहे. तिने रोग बरा होत नाही. तो बरा करणारे सिद्ध औषधही अद्याप नाही. अशा वेळी अंथरूण पाहून पाय पसरणे हाच व्यवहार होय.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिरा उमगले. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये सौम्य व मध्यम रुग्णांसाठी क्रमाक्रमाने व्यायाम वाढविण्याचा उपचार सुचविला होता. २०२१ मध्ये तिने तो मागे घेतला आणि शक्तीच्या मर्यादेत राहण्यावर भर दिला.

परंतु रुग्णाने कितीही नेम केला, तरी त्याचे वेळापत्रक बहुधा दुसऱ्याच्या हाती असते. आपल्याकडील रजेचे नियम मनुष्य कोसळल्यावर दिवसच्या दिवस रजा देतात. तो कोसळू नये म्हणून वीस मिनिटे देत नाहीत. वस्तुतः सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना अधिनियमाने धडधाकट कामगारासाठीही मान्य केले होते. थकवा येण्याची वाट त्या कायद्याने पाहिली नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने नोकरीत वाजवी सोयींची कल्पना आणली खरी. मात्र त्याच्या अनुसूचीत या विकाराचे नाव नाही.

तोवर मुख्याध्यापकाला दोन तासिकांमध्ये एक मोकळी तासिका ठेवता येईल, कार्यालयप्रमुखाला एखादा कोपरा देता येईल. त्यासाठी फारसा पैसा लागत नाही. आणि घरातील आजारी गृहिणीला तर रजेचा अर्जही करता येत नाही. तिची दुपार राखणे हे घरातील इतरांचेच काम आहे.