पाठीतल्या पाण्याचा आकडा एकट्याने वाचू नये

पाठीतून पाणी काढायचे म्हटले की घरची माणसे हादरतात. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या बरीच खाली सुई घातली जाते, तरी भीती जात नाही. एवढे भय गिळून दिलेल्या त्या पाण्याचा अर्थ तरी नीट लागायला हवा. पुष्कळदा तो लागत नाही, कारण रिपोर्टवर नुसता आकडा असतो.

साखरेचेच घ्या. या पाण्यातली, म्हणजे सीएसएफमधली, साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के असते आणि रक्तातल्या चढउतारामागून काही तासांनी बदलते. समजा, मधुमेही रुग्णाच्या रक्तात साखर ३०० आहे आणि पाण्यात ७०. छापील तक्त्यात ४५ ते ८० नॉर्मल, म्हणून रिपोर्ट निर्धास्त दिसतो. रक्तातली साखर फार वाढली की हे प्रमाण थोडे घसरते, हे खरे. पण पाव हिश्श्याहूनही कमी साखर म्हणजे मेंदूज्वराची, त्यातही क्षयाच्या मेंदूज्वराची, शंका घ्यायलाच हवी. मधुमेह आणि क्षयरोग हातात हात घालून येणाऱ्या आपल्या देशात ही चूक जिवावर बेतू शकते.

उलट उदाहरण १९९१चे. डॉ. डॅरिल डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी फिट येणारी दोन मुले तपासली. रक्तात साखर ठीक, पाण्यात मात्र सतत कमी. साखर मेंदूत नेणारे प्रथिनच त्यांच्यात अपुरे होते. आज अशा मुलांना स्निग्ध पदार्थांवर भर असलेला कीटोजेनिक आहार देतात आणि बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात. दोन आकडे शेजारी ठेवले, म्हणून हा आजार सापडला.

पाणी कुठले, यानेही फरक पडतो. प्रथिने मेंदूच्या पोकळ्यांत कमी आणि कमरेत जास्त. डोपामिनच्या विघटनातून होणाऱ्या एचव्हीएचे नेमके उलटे. त्यामुळे कमरेतून काढताना पहिल्या नळीपेक्षा पुढच्या नळ्यांत ते अधिक मिळते. लहान बाळांत तर ते मोठ्यांच्या कितीतरी पट असते. आणि नमुना तासन् तास पडून राहिला, तर त्यातल्या पेशी साखर संपवत राहतात.

म्हणून प्रत्येक रिपोर्टवर नमुन्याची वेळ, नळीचा क्रमांक आणि त्याच वेळची रक्तशर्करा छापणे सक्तीचे करावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. नातेवाइकांनीही सही करण्याआधी एवढे विचारावे: डॉक्टर, सोबत रक्तातली साखर पाठवताय ना?