ऑडिबलची जागा कानाशी

पाऊस थांबला की जम्पचा हंगाम सुरू होतो. कुणी नारनौलला जातं, कुणी पट्टायाला, कुणी दुबईला. बॅगेत नवं हेल्मेट असतं आणि त्यात ऑडिबल कुठे बसवायचा हे बहुतेक वेळा विमानात चढण्याच्या घाईत, जिथे खिसा दिसेल तिथे, असं ठरतं. कोणत्या उंचीवर तो वाजायला हवा यावर आपण तासभर वाद घालतो. यंत्राच्या जागेवर मात्र फारसं कुणी बोलत नाही. या अंकात आम्हाला तेच बोलायचं आहे आणि आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. ऑडिबल हेल्मेटच्या आत हवा, कानाला जवळजवळ टेकलेला हवा, आणि प्रत्येक जम्पला त्याच जागी हवा. हेल्मेटच्या बाहेर तो लावण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

आधी आवाजाचं पाहू. पोटावर पडताना आपला वेग ताशी सुमारे १९५ किलोमीटर असतो आणि कानाशी वाऱ्याची अखंड गर्जना चालू असते. त्या गर्जनेतून वर उठून ऐकू येईल तोच बीप कामाचा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ढोबळ हिशोबाने, स्पीकर कानापासून १ सेंटिमीटरवर न राहता ४ सेंटिमीटरवर गेला तर १२ डेसिबल गेले. मध्ये फोमची गादी आली तर नुकसान आणखी वाढतं, कारण फोम नेमका उंच पट्टीतला आवाज शोषतो आणि बीप उंच पट्टीतलाच असतो. यंत्र खिशात उलटं बसलं आणि स्पीकरचं तोंड हेल्मेटच्या कवचाकडे वळलं, तर हातात घेतल्यावर खणखणीत वाजणारा ऑडिबल हवेत मुका होतो. हेल्मेट धुतल्यावर, आतलं अस्तर बदलल्यावर, किंवा यंत्र एका हेल्मेटमधून दुसऱ्यात हलवल्यावर हे सहज घडतं. व्हेल्क्रो जुनं झालं की यंत्र मागे सरकतं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

इथे एक गोष्ट अनुभवी मंडळींना स्पष्टपणे सांगायला हवी. सततच्या गोंगाटाने श्रवणशक्ती कमी होते तेव्हा पहिला फटका ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला बसतो. बोलणं नीट ऐकू येतं, त्यामुळे कान उत्तम आहेत असं वाटत राहतं, पण बारीक उंच आवाज हरवायला लागलेले असतात. ज्यांनी वर्षानुवर्षं उघड्या हेल्मेटमध्ये टँडम केल्या, विंड टनेलमध्ये शिकवलं, टर्बाइन विमानाच्या दाराशी रोज उभे राहिले, त्यांच्या बाबतीत ही शक्यता सर्वात जास्त आहे. दोन्ही कान सारखे उतरत नाहीत. म्हणून ऑडिबल उजवीकडे की डावीकडे, हे खिसा कुठे शिवलाय यावरून ठरवू नका. वर्षातून एकदा ऑडिओग्राम काढून घ्या आणि जो कान चांगला आहे तिथे यंत्र बसवा. आवाजाची पातळी ठरवायची ती त्यानंतर. पूर्ण बंद हेल्मेटमध्ये कानालगतचा ऑडिबल सगळ्यात मोठ्या पातळीवर ठेवणं म्हणजे तोच कान आणखी लवकर घालवणं.

आता दाबाचं. ऑडिबलला उंची कळत नाही, त्याला हवेचा दाब कळतो. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबाला पाणी पुढून फुगतं आणि बाजूला खळगा पडतो, तसंच आपल्या शरीराभोवती हवेचं होतं. जिथे वारा समोरून आदळतो तिथे दाब वाढतो, यंत्राला आपण खाली आल्यासारखं वाटतं आणि बीप लवकर वाजतो. बाजूला आणि पाठीमागच्या बर्बलमध्ये दाब घटतो, यंत्राला आपण अजून वर आहोत असं वाटतं आणि बीप उशिरा वाजतो. दुसरी चूक जीवघेणी.

ही चूक किती मोठी असू शकते? वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीने भागलं की वाऱ्याच्या पूर्ण दाबाएवढी उंची मिळते. सेकंदाला ५४ मीटर या पोटावरच्या वेगाला ती सुमारे १५० मीटर, म्हणजे जवळपास ४९० फूट येते. वेगवान हेड-डाउनमध्ये, सेकंदाला ८० मीटरवर, ती १,००० फुटांच्या वर जाते. सेन्सरवर यातला काही हिस्साच पडतो. तो किती, हे यंत्र कुठे आहे आणि आपण कोणत्या स्थितीत उडतो आहोत यावर अवलंबून असतं. पोटावर असताना वारा चेहऱ्यावर येतो आणि कानाच्या बाजूने वेग घेऊन निसटतो, म्हणून हेल्मेटच्या बाहेर कानावर लावलेलं यंत्र नेमकं त्या खळग्यात बसतं. अमेरिकेच्या यूएसपीएने २०१३ मध्ये अनुभवी स्कायडायव्हरांसाठी पॅराशूट उघडण्याची किमान उंची २,००० फुटांवरून २,५०० फुटांवर नेली. वाढवून मिळालेले ते ५०० फूट पोटावरच्या वेगाला तीन सेकंदांपेक्षा कमी आहेत. चुकीच्या जागी बसवलेला ऑडिबल त्यातला मोठा वाटा गिळू शकतो.

हेल्मेटच्या आत दाब स्थिर असतो असा दावा आम्ही करत नाही. सिट-फ्लायमध्ये वारा हनुवटीखालून आत घुसतो, हेड-डाउनमध्ये माथ्यावरून येतो आणि उघड्या हेल्मेटमध्ये मान वळवली तरी फरक पडतो. पण कवचाच्या आत हे चढउतार बरेच मऊ होतात आणि यंत्र रोज त्याच जागी असेल तर ते कसं वागतं हे आपल्याला कळत जातं. जागा बदलत राहिली की हा अनुभव साठतच नाही.

बाहेर लावणाऱ्यांचं म्हणणं आम्हाला ठाऊक आहे. बटणं हाताशी येतात, आकडे वाचता येतात. पण बटणांचं काम जमिनीवरच संपायला हवं. शिवाय हेल्मेटच्या बाहेर आलेल्या प्रत्येक वस्तूत लाइन अडकू शकते. कॅमेरा लावणारे त्यासाठी हेल्मेट झटकन सोडवण्याची व्यवस्था ठेवतात. ऑडिबल बाहेर लावणारे ती ठेवताना दिसत नाहीत.

दुसरा ऑडिबल घ्यायचा असेल तर तो दुसऱ्या कानाला लावा आणि दोन्हीत उंची एकच ठेवा. दोन यंत्रांत वेगवेगळे आकडे भरले की कोणता बीप कशाचा, हे ओळखण्यात सेकंद जातो. सर्दीने कान बंद असतील तर मात्र दोन ऑडिबलही उपयोगाचे नाहीत आणि तसं पाहिलं तर त्या दिवशी उडीच नको.

ऑडिबलने उंचीची जाणीव आपल्या डोक्यातून स्वतःच्या खिशात नेली तर तो धोकाच आहे. तो आठवण करून देणारा साथीदार आहे, आणि बीप वाजला तेव्हा आपला हात आधीच हलायला लागलेला असावा. शिकणाऱ्यांना मनगटावरचा ऑल्टिमीटर वाचण्याची सवय पक्की होईपर्यंत ऑडिबल देऊ नये, असंच आमचं मत आहे.

इन्स्ट्रक्टर आणि रिगर यांना आमची विनंती आहे की गिअर चेकमध्ये ऑडिबल आहे का एवढंच विचारून थांबू नका. हेल्मेटमध्ये बोट घालून तो कुठे आहे आणि स्पीकरचं तोंड कुठे आहे ते पाहा. वाचकांनी पहिल्या जम्पच्या आधी हेल्मेट घालून, पट्टा आवळून, इंजिन चालू असलेल्या विमानाजवळ, पंख्यापासून सुरक्षित अंतरावर, चाचणीचा आवाज ऐकावा. बरेच ऑडिबल विमान वर चढतानाही ठरावीक उंचीवर वाजतात. हेल्मेट डोक्यावर असताना तो आवाज नीट ऐकू आला नाही, तर त्या जम्पला आपल्याकडे ऑडिबल नाही असं धरा, नजर मनगटावर ठेवा, आणि खाली आल्यावर सगळ्यात आधी त्याची जागा बदला.