मुशीवाचून वितळणारा धातू

धातू वितळवावयाचा तर मूस हवीच, ही समजूत सोनाराच्या शेगडीइतकीच जुनी आहे. सोन्याच्या बाबतीत मूस इमानी ठरते. ती आपला अंश धातूला देत नाही. टायटॅनियमची गोष्ट निराळी. सुमारे १,६६८ अंश सेल्सियसला वितळणारा हा धातू ऑक्साइडच्या मुशीतून प्राणवायू आणि ग्रॅफाइटच्या मुशीतून कार्बन ओढून घेतो व ठिसूळ बनतो. ज्या भांड्याने त्याला सांभाळावयाचे, तेच त्याला बिघडवते.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे भांडेच दूर करणे. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडला, की आतील धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. लेन्झच्या नियमानुसार ते मूळ चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात. त्या विरोधाने धातू अधांतरी उचलला जातो आणि त्याच प्रवाहांच्या उष्णतेने वितळतो. निष्क्रिय वायूत तरंगणाऱ्या त्या थेंबात मिश्रधातूचे घटक आपोआप ढवळले जातात. भांड्याचा कणही त्यात मिसळत नाही.

या कल्पनेचे पेटंट जर्मनीत ऑटो मुक यांनी १९२३ मध्ये घेतले. अमेरिकेतील वेस्टिंगहाउसच्या संशोधकांनी तिच्यावरील सविस्तर शोधनिबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध केला, तोवर जवळजवळ तीन दशके लोटली होती. पुढे आणखी एक अडचण उरली. पृथ्वीवर धातू उचलणे आणि तापविणे ही कामे एकमेकांपासून पुरती वेगळी करता येत नाहीत. वजनरहित अवस्थेत मात्र थेंब जागेवर ठेवण्यास अल्प बल पुरते. म्हणून १९९४ मध्ये कोलंबिया यानातून ‘टेम्पस’ हे उपकरण अवकाशात गेले आणि २०१४ मध्ये तशीच भट्टी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचली.

एका इवल्याशा थेंबासाठी एवढा खटाटोप कशाला, असे व्यवहारी माणूस विचारील. त्या थेंबाने कारखाना चालत नाही, हे खरेच. परंतु वितळलेल्या मिश्रधातूची श्यानता, पृष्ठताण आणि थिजण्याची रीत यांचे विश्वसनीय आकडे त्यातून मिळतात. विमानाच्या इंजिनाची पाती ओतण्याचे गणित अशाच आकड्यांवर उभे असते.

भारताला हा धडा विशेष लागू आहे. रत्नागिरीच्या आणि केरळच्या किनाऱ्यांवरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आहे. वाळू निसर्गाने दिली. धातूची विद्या कमवावी लागते. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या पद्धतीवर केरळात चवरा येथे २०११ मध्ये टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला, तो प्रयोगशाळेतील अशाच चिकाटीचे फळ होय. तथापि २०२०-२१ मध्ये संशोधनावरील देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता.

हा आकडा वाढला पाहिजे. आणि वाढीव पैशाचा काही वाटा विद्यापीठांतील धातुविज्ञान विभागांना, केवळ अचूक मोजमापाच्या कामासाठी, दीर्घ मुदतीने मिळाला पाहिजे. प्रत्येक संशोधन ‘लगेच उपयोग काय?’ या प्रश्नाच्या मुशीत घालून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे. त्या मुशीचा दोष संशोधनात उतरल्यावाचून राहत नाही.