‘सारस’चे बलिदान आणि स्वदेशीची कसोटी

स्वदेशी हा शब्द उच्चारायला जितका सोपा, तितकाच आचरायला कठीण आहे. परदेशी वस्तू नाकारणे ही त्याची पहिली पायरी झाली. जी विद्या आपल्यापाशी नाही ती स्वतःच्या कष्टाने, प्रसंगी प्राणांचे मोल देऊन हस्तगत करणे, ही त्याची अखेरची पायरी होय. ६ मार्च २००९ रोजी दुपारी बंगळुरूजवळ बिडदी परिसरात हे मोल मोजले गेले. ‘सारस’ या स्वदेशी हलक्या वाहतूक विमानाचा दुसरा नमुना चाचणी उड्डाणात कोसळला आणि भारतीय वायुसेनेचे दोन विंग कमांडर व एक स्क्वाड्रन लीडर कर्तव्य बजावताना मृत्यूला सामोरे गेले.

‘सारस’ ही बंगळुरूच्या ‘नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज’ची निर्मिती. या प्रकल्पाच्या वाटेत काटेच अधिक होते. रशियन सहकार्याने सुरू झालेल्या कामातून भागीदार मध्येच बाहेर पडला. १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. तरीही २९ मे २००४ रोजी पहिला नमुना आकाशात झेपावला आणि २००७ साली दुसऱ्यानेही उड्डाण केले.

अपघाताच्या दिवशी जी चाचणी चालू होती, ती स्वभावतःच जोखमीची होती. दोन इंजिनांपैकी एक हेतुपुरस्सर बंद करायचे आणि हवेतच ते पुन्हा सुरू करून दाखवायचे. प्रवाशांना घेऊन जाताना एखादे इंजिन बंद पडले तर काय होईल, याचे उत्तर आधी कोणीतरी स्वतः शोधून ठेवावे लागते. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी राहिली, तर तो पंखाच विमानाला मागे खेचतो आणि उंची झपाट्याने कमी होते. म्हणूनच इंजिन पुन्हा पेटवण्याच्या कृतीत क्रमाला आणि उंचीला जीवनमरणाचे महत्त्व असते.

नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या चौकशीने नेमके येथेच बोट ठेवले. विमान रचणाऱ्या संस्थेने ठरवलेली इंजिन पुन्हा सुरू करण्याची पद्धत चुकीची होती आणि ती अपुऱ्या उंचीवर अवलंबली गेली, असा निष्कर्ष चौकशीने काढला. ही पद्धत ठरवताना पंख्याच्या उत्पादकाशी सल्लामसलत झाली नव्हती. पहिला प्रयत्न फसल्यावर उड्डाण आवरते घेतले गेले नाही आणि वैमानिकांमधील समन्वयही कमी पडला, या बाबीही अहवालात नमूद आहेत.

अशा प्रसंगी आपल्या समाजात दोन प्रवृत्ती डोके वर काढतात. एक म्हणते, ‘हे आपले काम नव्हे, बाहेरून विकत घ्या.’ ही गुलामीची मनोवृत्ती आहे. दुसरी म्हणते, ‘हे हुतात्मे आहेत, आता प्रश्न विचारू नका.’ ही वरकरणी देशभक्तीची वाटली, तरी तितकीच घातक आहे. ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या प्राणांचे मोल आपण काही शिकलो तरच वसूल होते. ‘मरुत’ या स्वदेशी लढाऊ विमानाच्या चाचण्यांत ग्रुप कॅप्टन सुरंजन दास १९७० साली कामी आले. ‘मरुत’चे दुर्दैव असे की, त्याच्या रचनेला साजेसे समर्थ इंजिन त्याला कधीच लाभले नाही. ‘सारस’च्या पोटीही कॅनडातील इंजिनेच होती. सांगाडा आपला आणि हृदय दुसऱ्याचे, ही उणीव आपण आणखी किती पिढ्या वागवणार?

अपघाताहूनही क्लेशकारक ठरली ती त्यानंतरची उदासीनता. प्रकल्प रखडला, निधी आटला आणि ‘सारस’ पुन्हा आकाशात दिसायला २४ जानेवारी २०१८ हा दिवस उजाडावा लागला. जवळजवळ नऊ वर्षे! दरम्यान २०१७ साली ‘उडान’ योजनेची विमाने छोट्या शहरांकडे निघाली, तेव्हा अशा मार्गांसाठी आपल्या रचनेचे छोटे प्रवासी विमान आपल्यापाशी नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगड-पासिघाट मार्गावर भारतात बांधलेले ‘डॉर्नियर’ प्रवाशांना घेऊन उडाले, ही आनंदाची गोष्ट खरी. पण त्याची मूळ रचना जर्मन आहे.

सरकारे बदलतात, अंदाजपत्रके बदलतात. प्रयोगशाळेतील साधना मात्र अखंड चालावी लागते. अपघातानंतर दोषांची निर्भय चिकित्सा व्हावी, अहवाल प्रत्येक संबंधित संस्थेच्या अभ्यासात यावा आणि निधीचा प्रवाह मात्र आटू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल. आपल्या घरातील बुद्धिमान मुलामुलींना परदेशातील नोकरीइतकेच बंगळुरूच्या प्रयोगशाळेचेही आकर्षण वाटले पाहिजे. ही जबाबदारी शासनाइतकीच कुटुंबाचीही आहे. बिडदीच्या मातीत विसावलेल्या त्या तीन वीरांना पुष्पचक्रे वाहून झाली आहेत. त्यांना खरी आदरांजली वाहायची ती निर्दोष स्वदेशी विमान आकाशात नेऊनच.