वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकन साहित्य

देऊळघाटसारख्या गावातून बुलढाण्याला कॉलेजात जाणारी, उद्या इंग्रजीचे शिक्षक होऊ पाहणारी मुलं अमेरिकन साहित्याचा पेपर गाइडवर उरकतात, तेव्हा वाईट वाटतं. हा विषय आपल्याला परका कधीच नव्हता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. त्याच युद्धाने तिथली गुलामगिरी संपवली. आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली. पुस्तक मराठी, पण अर्पणपत्रिका इंग्रजीत. ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी आशा फुल्यांनी तिथेच नोंदवली आहे. पुढे दुर्गाबाई भागवतांनी अमेरिकन लेखक थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडे पाहत दलित पँथर उभी राहिली.

शेतात कापूस वेचलेल्या मुलीला मिसिसिपीच्या कापूस-मळ्याचं वर्णन कुणी सोपं करून सांगायला नको. तिला हवा फक्त मूळ मजकूर.

तेव्हा भावी शिक्षकांनो, गाइड बाजूला ठेवा. फुल्यांची ती अर्पणपत्रिका वर्गात मोठ्याने वाचा आणि लगोलग गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मचरित्र हाती घ्या.