गाडीचा आवाज आणि सबफ्रेमचे रबर

चातुर्मास संपला की घरोघरी तीर्थयात्रेचे बेत ठरू लागतात आणि एरवी क्वचितच बाहेर निघणारी जुनी गाडी पुसून तयार केली जाते. सांगलीतील एका कुटुंबाने अशीच आपली मर्सिडीज कुंथलगिरीसाठी बाहेर काढली. या कंपनीने १९९५च्या सुमारास पुण्यात ज्या गाड्या बनवण्यास आरंभ केला, त्या डब्ल्यू १२४ जातीची ही गाडी. व्यापाराच्या भरभराटीच्या दिवसांत घरातील अण्णांनी ती हौसेने घेतलेली. तिच्याविषयी सर्वांना ममत्व. परंतु पहिला गिअर टाकून क्लच सोडताच मागून ‘धप्प’ असा आवाज येई, आणि वळणावर ब्रेक लावला की गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला सरकल्याचा भास होई.

अशा आवाजामागे बराच पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो. येथेही प्रथम टायर बदलले गेले, मग अलाइनमेंट झाली, मग शॉकअप नवे बसले. आवाज जिथल्या तिथे! दोन महिन्यांत नव्या टायरची आतली कड मात्र झिजू लागली.

या गाडीच्या मागच्या बाजूस, मुख्य सांगाड्याखाली पोलादाची एक वेगळी चौकट असते. तिला सबफ्रेम म्हणतात. डिफरन्स आणि दोन्ही चाकांना धरून ठेवणारे, प्रत्येक बाजूचे पाच दांडे या चौकटीत गुंतलेले असतात. ही चौकट चार जाड रबरी माउंटिंगमधून बोल्टने गाडीच्या पत्र्याला अडकवलेली असते. रबर सैल पडले, की संपूर्ण चौकटच हलू लागते. मग चाकांची मापे कितीही अचूक लावली तरी ती टिकणार कशी?

मिरजेच्या एका वयस्क मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली. सबफ्रेमकडे वळण्यापूर्वी त्यांनी मागच्या अँटी-रोल बारच्या लिंक, प्रॉपेलर शाफ्टची रबरी चकती आणि डिफरन्सचे रबर तपासले, कारण तसाच आवाज यांपैकी कशाचाही असू शकतो. ते सारे निर्दोष निघाल्यावर चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये लहान पहार घालून त्यांनी हलकेच दाब दिला. उजवीकडील माउंटिंग जेमतेम हलले. डावीकडचे पुढचे बोटभर सरकले आणि रबराला पडलेली भेग उघडी झाली. मग गाडी जमिनीवर उतरवली, हँडब्रेक ओढला, आणि चाकाच्या मार्गापासून दूर मोबाइल जमिनीवर ठेवून चित्रण सुरू केले. पुढेमागे कोणी नसल्याची खात्री करून पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडला. चौकट झटक्याने उचलली गेलेली चित्रणात स्पष्ट दिसत होती. ही चाचणी चालू असताना कोणीही गाडीखाली डोके घालू नये. मोबाइल फुटला तर दुसरा आणता येतो.

रबर हा केवळ खर्चाचा प्रश्न होता. खरा घोर पुढेच होता.

ऑगस्ट २०१९च्या कृष्णेच्या महापुरात ही गाडी दारांच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आसने, गालिचे उन्हात वाळवले गेले. पण चौकट आणि पत्रा यांच्या सांदीत बसलेला गाळ कोणी काढला नाही. असा गाळ ओल धरून ठेवतो. वर काळ्या कोटिंगचा थर असल्याने खालून सारे ठाकठीक दिसे. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत तपासणी केली. निकोप पत्र्याचा आवाज खणखणीत येत होता. डाव्या माउंटिंगच्या बैठकीपाशी तो बद्द झाला. टोक टेकवताच कोटिंगची खपली निघाली आणि टोक आरपार गेले.

“अण्णा, रबर उद्या बसवतो. पण बोल्ट ज्याला धरतो तो पत्राच राहिला नाही,” मिस्त्री म्हणाले.

वरवरचा तांबूस गंज घासून, रंग देऊन थांबवता येतो. पापुद्रे सुटणारा गंज, आणि तोही माउंटिंगच्या बैठकीत, म्हणजे गाडी त्या क्षणापासून रस्त्यावर आणू नये.

एका नातलगाने व्यवहारी सल्ला दिला: पुन्हा जाड कोटिंग मारावे आणि गाडी विकून टाकावी, गिऱ्हाईक तयारच आहे. अण्णांनी विचारले, “त्या गिऱ्हाइकाची मुले मागच्या सीटवर बसणार नाहीत काय?” विषय तिथेच संपला.

काम मोठे होते. बॅटरी सोडवणे, मागचे आसन आणि त्याच्या पाठीमागची इंधनाची टाकी काढणे, सडलेला भाग निकोप पत्रा लागेपर्यंत कापणे आणि त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवणे. जुने बोल्ट आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवले गेले. जोर लावून ते तोडले असते, तर वरची आट्यांची बैठकही गेली असती. रबरे चारही एकदम बदलायची ठरली, कारण तीन जुनी आणि एक नवे ठेवले तर चौकट तिरपी बसते. सर्वांत शेवटी अलाइनमेंट, जी आरंभीच करून पैसे वाया गेले होते.

डेंटरने तीन आठवडे सांगितले. आचार्य शांतिसागर महाराजांच्या १९५५च्या समाधीमुळे ज्या क्षेत्राविषयी अण्णांच्या मनात बालपणापासून ओढ होती, त्या कुंथलगिरीला सारे कुटुंब ठरल्या तिथीलाच निघाले. सोलापूरला बदल करून, एस.टी.ने. नातवाला खिडकीची जागा मिळाली.